कच्च्या तेलाचे ऑक्सिडेशन आणि डीआरएचा घटलेला परिणाम: तपास कसा करायचा, उपाय कोणत्या क्रमाने करायचे

पाइपलाइनमध्ये डीआरएचा, म्हणजे प्रवाहातले घर्षण घटवणाऱ्या पॉलिमरचा (ड्रॅग रिड्यूसरचा), परिणाम कमी झाला की कंट्रोल रूममधून पहिली सूचना ठरलेली असते: डोस वाढवा. दोन-चार दिवस आकडे सुधारतात, मग पुन्हा घसरतात. घसरण तेलाच्या ऑक्सिडेशनमुळे झाली असेल, तर डोस वाढवणे हा सर्वांत महाग आणि सर्वांत कमी उपयोगाचा उपाय ठरतो. तो का, हे पुढच्या एका साध्या हिशोबातून दिसेल. बहुतेक वेळा नुकसान लाइनमध्ये होतच नाही. ते टाकीत झालेले असते, एकतर तेलाच्या नाहीतर खुद्द डीआरएच्या.

डीआरए काय करतो, थोडक्यात

अगदी थोड्या पॉलिमरने खळबळत्या प्रवाहातले घर्षण घटते, हे बी. ए. टॉम्स यांनी १९४८ मध्ये मांडले. कच्च्या तेलाच्या मोठ्या लाइनमध्ये हा प्रयोग १९७९ मध्ये ट्रान्स-अलास्का पाइपलाइनवर झाला, आणि तिथून त्याचा व्यापारी वापर सुरू झाला. आज हलक्या आणि मध्यम क्रूडसाठी बहुतेक ठिकाणी पॉलि-अल्फा-ओलेफिन वापरतात. त्याचा रेणुभार काही दशलक्ष ते काही कोटी असतो आणि डोस काही पीपीएम (वजनाने दहा लाख भागांत इतके भाग) ते काही दशक पीपीएम. जड, अस्फाल्टीनयुक्त (डांबरासारखे जड घटक असलेल्या) क्रूडमध्ये ते नीट विरघळत नाही, म्हणून तिथे मेथाक्रिलेट जातीचे पॉलिमर घेतात.

दोन मर्यादा कायम ध्यानात ठेवायच्या. प्रवाह टर्ब्युलंट, म्हणजे खळबळता, नसेल तर डीआरए काहीही करत नाही. आणि मुख्य सेंट्रिफ्युगल पंपातून गेल्यावर लांब साखळ्या तुटतात, म्हणून तो नेहमी पंपानंतर सोडतात आणि पुढच्या स्टेशनवर पुन्हा सोडावा लागतो.

ऑक्सिजन साखळीवर घाव कसा घालतो

भूगर्भातून येणाऱ्या तेलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तो नंतर मिसळतो: टाकीच्या व्हेंटमधून, गळक्या सक्शन सीलमधून, उघड्या खड्ड्यात साठवलेल्या स्लॉपमधून (गोळा झालेल्या टाकाऊ, पाणीमिश्रित तेलातून). मिसळल्यावर फ्री रॅडिकलची साखळी-प्रक्रिया सुरू होते. एखाद्या हायड्रोकार्बनचा हायड्रोजन निघून रॅडिकल तयार होतो, त्याला ऑक्सिजन चिकटून पेरॉक्सी रॅडिकल बनतो, तो शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो आणि हायड्रोपेरॉक्साइड मागे राहतो. हायड्रोपेरॉक्साइड फुटला की नवे रॅडिकल सुटतात. लोह, तांबे, व्हॅनेडियम असे धातू हे फुटणे वेगाने घडवतात. उष्णता आणि सूर्यप्रकाश त्यात भर घालतात. शेवटी अल्कोहोल, कीटोन, आम्ले आणि चिकट रेझिन जमा होतात.

पॉलि-अल्फा-ओलेफिनच्या कण्यात दर दुसरा कार्बन तृतीयक (तीन कार्बनना जोडलेला) असतो, आणि पेरॉक्सी रॅडिकलला तृतीयक कार्बनवरचा हायड्रोजन ओढणे सोपे जाते. तिथे घाव बसला की साखळी दुभंगू शकते. मधोमध तुटली तर रेणुभार थेट निम्मा. घर्षण घटवण्याची ताकद मुख्यतः सर्वांत लांब साखळ्यांकडे असते, त्यामुळे डीआरएसाठी ही हानी फार मोठी असते. बाकी तेलाला मात्र तिची गंधवार्ताही लागत नाही.

आता तो हिशोब. एक टन तेल घ्या. त्यात विरघळलेला ऑक्सिजन १ पीपीएम, म्हणजे १ ग्रॅम, म्हणजे सुमारे ०.०३१ मोल. डीआरए पॉलिमर १० पीपीएम, म्हणजे १० ग्रॅम. रेणुभार एक कोटी धरला तर एक दशलक्षांश मोल. म्हणजे एका साखळीमागे ऑक्सिजनचे सुमारे ३१ हजार रेणू आहेत. पण सगळे घाव पॉलिमरवर बसत नाहीत. वजनाने पॉलिमर तेलाच्या एक लाखांश हिश्श्याएवढाच आहे, म्हणून घावही त्याच प्रमाणात वाट्याला येतात असे धरू: दर साखळीमागे ०.३१. सगळा ऑक्सिजन खर्ची पडला, तर ढोबळमानाने तीनातल्या एका साखळीवर घाव.

आता डोस दुप्पट करा. साखळ्या दुप्पट झाल्या, घावांतला त्यांचा वाटाही दुप्पट झाला, दर साखळीमागचा आकडा ०.३१ तसाच राहिला. डोसने तो हलतच नाही. तो हलतो ऑक्सिजनच्या प्रमाणाने आणि साखळीच्या लांबीने. रेणुभार दोन कोटींचा असेल तर ०.६२. ज्या लांबीमुळे पॉलिमर उपयोगी पडतो, तीच लांबी त्याला ऑक्सिजनपुढे उघडे पाडते.

हा हिशोब अंदाजाचा आहे. प्रत्येक घावाने साखळी तुटतेच असे नाही, आणि क्रूडमधली गंधकाची काही संयुगे पेरॉक्साइड मोडून टाकत नैसर्गिक संरक्षण देतात. उलट बाजूला, हवेशी समतोलात असलेल्या हायड्रोकार्बनमध्ये ऑक्सिजन पाण्याच्या कैकपट विरघळतो, त्यामुळे १ पीपीएम ही काही वाईटातली वाईट अवस्था नव्हे.

वेळेचाही विचार करा. दोन स्टेशनांत १०० किलोमीटर अंतर आणि वेग सेकंदाला १.५ मीटर असेल, तर तेल त्या टप्प्यात साधारण साडेअठरा तास असते. जमिनीच्या तापमानाला ताजे क्रूड तेवढ्या वेळात फारसे ऑक्सिडाइझ होत नाही. म्हणून लाइनमधल्या तासांवर संशय घेण्यापेक्षा तेल लाइनमध्ये शिरण्याआधी काय घेऊन आले, ते पाहा. आठवडेच्या आठवडे टाकीत पडलेल्या तेलात पेरॉक्साइड आधीच साठलेले असतात, आणि गंजलेल्या लोखंडाच्या सान्निध्यात ते फुटायला फार निमित्त लागत नाही.

पायरी १: आधी बेसलाइन दुरुस्त करा

बऱ्याच तक्रारी इथेच निकाली निघतात. डीआरएची टक्केवारी काढताना डीआरए नसतानाचा प्रेशर ड्रॉप (टप्प्याच्या दोन टोकांतला दाबाचा फरक) लागतो, हीच बेसलाइन, आणि तो आकडा पुष्कळदा कित्येक महिन्यांपूर्वीचा असतो. दरम्यान तेल बदललेले असते.

समजा १० सेंटीस्टोक्स व्हिस्कॉसिटीच्या (दाटपणाच्या) तेलावर एका टप्प्यात डीआरएशिवाय २० बार दाब पडत होता आणि डीआरएसह १२ बार, म्हणजे ४० टक्के घट. आता ऑक्सिडेशनने किंवा हलके अंश उडून गेल्याने व्हिस्कॉसिटी १४ झाली. गुळगुळीत पाइपातल्या टर्ब्युलंट प्रवाहात घर्षण व्हिस्कॉसिटीच्या साधारण पाव घातांकाने वाढते, म्हणून खरी बेसलाइन सुमारे २१.८ बार झाली. पॉलिमर अगदी पूर्वीसारखे ४० टक्केच काम करत असेल, तर मीटरवर सुमारे १३ बार दिसतील. हे १३ जुन्या २० शी ताडले की घट ३५ टक्के निघते. पॉलिमरला काहीही झालेले नसताना पाच टक्के गायब!

हा फरक क्षुल्लक नाही. उद्योगात वापरल्या जाणाऱ्या ढोबळ सूत्रानुसार त्याच दाबावर ४० टक्के घट म्हणजे प्रवाह सुमारे ३३ टक्के जास्त, आणि ३५ टक्के म्हणजे २७ टक्के. एवढ्या फरकावर लोक पुरवठादाराशी भांडतात.

तेव्हा आजच्या तेलाची व्हिस्कॉसिटी लाइनच्या तापमानाला मोजा (एएसटीएम डी ४४५), घनता घ्या आणि बेसलाइन नव्याने काढा. शक्य असेल तर डीआरए काही काळ बंद ठेवून त्याच बॅचवर प्रेशर ड्रॉप प्रत्यक्ष नोंदवा. गणितापेक्षा हा आकडा जास्त भरवशाचा. रेनॉल्ड्स क्रमांकही पाहून घ्या, प्रवाह किती टर्ब्युलंट आहे ते तो सांगतो. अर्धा मीटर व्यासाच्या पाइपात १.५ मीटर वेग आणि १० सेंटीस्टोक्सला तो ७५ हजार येतो, तिथे काळजी नाही. पण वेग १ मीटर आणि व्हिस्कॉसिटी १०० सेंटीस्टोक्स असेल तर तो पाच हजारांवर येतो, आणि तिथे पॉलिमरला करण्यासारखे काम फार उरलेले नसते.

पायरी २: पंपाचे नुकसान वेगळे काढा

टप्प्याटप्प्याचे प्रेशर ड्रॉप मांडून पाहा. डीआरएने मिळणारी घट एखाद्या पंपानंतर, अर्धवट उघड्या व्हॉल्व्हनंतर किंवा अरुंद बायपासनंतर एकदम कोसळत असेल तर दोष शिअरचा, म्हणजे साखळ्या ओढून तोडणाऱ्या ताणाचा, आहे. स्टेशनच्या लगतच्या टप्प्यातच परिणाम कमी आणि पुढे वाढत जात असेल, तर पॉलिमर विरघळायला वेळ घेतो आहे. पहिल्या किलोमीटरपासूनच सगळे टप्पे सारख्या प्रमाणात खाली बसले असतील, तर तेल किंवा डीआरए, दोन्हींपैकी एक आधीच बिघडलेले आले आहे. ऑक्सिडेशनचा संशय या तिसऱ्या चित्रावर घ्यायचा. अंतराबरोबर सावकाश वाढत जाणारी घसरण गरम लाइनमध्ये ऑक्सिडेशनची असू शकते, पण लांब लाइनच्या भिंतीशी होणारे शिअरही तशीच खूण सोडते. त्या एका आलेखावरून निवाडा करू नका.

पायरी ३: तेलाचा इतिहास आणि नमुना

टाकी क्रमांकानुसार लिहून काढा: तेल किती दिवस पडून होते, छत स्थिर की तरंगते, नायट्रोजन ब्लँकेट (तेलावर हवेऐवजी नायट्रोजनचा थर) होते का, मिक्सर किती वेळ चालला, स्लॉप कधी आणि किती मिसळला. स्थिर छताची टाकी दिवसा वाफ बाहेर टाकते आणि रात्री गार झाली की हवा आत ओढते. तेलाची पातळी खाली असेल तर ही देवघेव जास्त. सक्शन लाइनमध्ये दाब वातावरणापेक्षा खाली जात असेल, तर सील आणि फ्लँजमधून हवा आत जाते आणि बाहेर थेंबही पडत नाही. त्यामुळे अशी गळती महिनोनमहिने नजरेतून सुटते. स्लॉपवर माझा सर्वांत जास्त संशय असतो: जुने तेल, पाणी, गंज आणि हवा ही चारही मंडळी तिथे एकत्र नांदतात.

नमुना घेण्यात हयगय झाली तर पुढचे सगळे वाया जाते, कारण नमुना घेतानाच तेल ऑक्सिडाइझ होऊ शकते. गडद काचेची बाटली आधी नायट्रोजनने फुंकून घ्या. नमुना नळातून धार सोडून न घेता बाटलीच्या तळापर्यंत नळी नेऊन भरा, काठोकाठ भरा, वर हवेची जागा ठेवू नका. थंड आणि अंधारात ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. तांब्याची किंवा पितळेची फिटिंग नमुना मार्गात नको. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत खिडकीपाशी दोन दिवस ठेवलेला नमुना टाकीबद्दल काही सांगत नाही, खिडकीबद्दल सांगतो.

पायरी ४: कोणत्या चाचण्या, आणि कोणत्या फसवतात

आम्ल क्रमांक (डी ६६४) बहुतेक जण पहिल्यांदा मागतात. पण कित्येक क्रूडमध्ये नॅफ्थेनिक आम्ले मुळातच असतात, त्यामुळे एकट्या आकड्याला अर्थ नाही. त्याच क्रूडच्या ताज्या नमुन्याशी तुलना केली तरच तो बोलतो. शिवाय आम्ले ही ऑक्सिडेशनची उशिराची पायरी. साखळ्या तोडणारे पेरॉक्साइड त्याआधीच्या टप्प्यात सर्वाधिक असतात. म्हणून आम्ल क्रमांक ठीक असूनही तेल डीआरएला घातक असू शकते, आणि उलटही घडते.

पेरॉक्साइड क्रमांक जास्त उपयोगी. अडचण इतकीच की आयोडीनची नेहमीची चाचणी रंग पाहून करतात आणि काळ्या क्रूडमध्ये रंग दिसत नाही. इलेक्ट्रोडवर शेवट ओळखणारे टायट्रेशन मागा. इन्फ्रारेड वर्णपटात १७०० ते १७२० प्रति सेंटीमीटरच्या पट्ट्यात कार्बोनिल वाढलेले दिसले, तर तो चांगला दुजोरा.

व्हिस्कॉसिटी आणि घनता वाढली म्हणून लगेच ऑक्सिडेशनवर शिक्का मारू नका. हलके अंश उडाले तरी दोन्ही वाढतात. बाष्पदाब घटला आहे, पण कार्बोनिल आणि पेरॉक्साइड जागच्या जागी आहेत, तर ते नुसते बाष्पीभवन. अस्फाल्टीनचे प्रमाण आणि पाणीही मोजून घ्या. ऑक्सिडेशनने तेल जास्त ध्रुवीय होते. अध्रुवीय पॉलि-अल्फा-ओलेफिनला ते कमी मानवते. साखळी पसरण्याऐवजी सुताच्या गुंडीसारखी आखडते आणि मग तिची लांबी असून नसल्यासारखी. हा बिघाड साखळी न तुटताच होतो, हे विशेष.

पायरी ५: चार बाटल्यांची उलटापालट

एवढे करूनही गुन्हेगार तेल की डीआरए, हे कळत नाही. त्यासाठी साधी मांडणी करा. ताजे तेल आणि ताजा डीआरए. टाकीतले जुने तेल आणि ताजा डीआरए. ताजे तेल आणि साइटवरच्या टाकीतला डीआरए. जुने तेल आणि साइटवरचा डीआरए. चारही बाटल्यांत डोस सारखा, तापमान सारखे.

विरघळवताना मिक्सर किंवा ब्लेंडर लावायचा नाही, त्याने साखळ्या तिथेच तुटतात. बाटल्या रोलरवर सावकाश फिरवा, पुरेसे तास द्या. मग रोटेटिंग डिस्कवर किंवा छोट्या फ्लो लूपवर घट मोजा. त्या त्या तेलाची बेसलाइन त्या त्या तेलावरच घ्यायची, नाहीतर पहिल्या पायरीतली गफलत इथेही शिरते.

दुसरी बाटली पडली तर दोष तेलाचा. तिसरी पडली तर दोष साइटवरच्या साठवणुकीचा. दोन्ही थोड्या थोड्या पडल्या आणि चौथी पार झोपली, तर दोन्हींचा. दुसरी पडली असेल तर ती बाटली २४ तास नायट्रोजनखाली ठेवून पुन्हा मोजा आणि तिच्याच जोडीची हवेत ठेवलेली बाटलीही मोजा. हवेतली आणखी खाली गेली आणि नायट्रोजनमधली टिकली, तर साखळ्या अजून तुटत आहेत. दोन्ही सुरुवातीपासून सारख्याच खाली असतील, तर तेलाची ध्रुवीयता किंवा अस्फाल्टीन आड येत असण्याची शक्यता जास्त.

पायरी ६: डीआरएच्या टाकीकडे वळा

हा भाग सर्वांत दुर्लक्षित. स्लरीतला (द्रवात कण मिसळलेल्या मालातला) पॉलिमर बारीक कणांच्या रूपात असतो, म्हणजे हवेला भिडणारा पृष्ठभाग भरपूर. उत्पादक त्यात बीएचटीसारखा अँटिऑक्सिडंट घालतात. तो संपेपर्यंत काहीच दिसत नाही, संपला की घसरण एकदम सुरू होते. त्यामुळे ‘मागच्या महिन्यात हाच माल उत्तम होता’ हा युक्तिवाद इथे निरुपयोगी.

टाकी सावलीत हवी, उत्पादकाने दिलेल्या तापमानमर्यादेत हवी आणि वर नायट्रोजन हवा. आधी आलेला माल आधी वापरा. अर्धी रिकामी टाकी उन्हात उभी ठेवू नका. कण वर तरंगून थर बसू नये म्हणून माल अधूनमधून फिरवावा लागतो, पण तो हलक्या, कमी शिअरच्या पंपाने. आणि फिरवताना परतीची नळी द्रवाच्या पातळीखाली उघडत असल्याची खात्री करा. वरून धार पडली की प्रत्येक फेरीत हवा कालवली जाते. पितळी व्हॉल्व्ह आणि तांब्याच्या नळ्या दिसल्या तर बदला.

पायरी ७: उपाय, आणि त्यांचा क्रम

पहिले काम ऑक्सिजनचा मार्ग बंद करणे: सक्शनची गळती, व्हेंट, डीआरए टाकीचे ब्लँकेट. खर्च सर्वांत कमी आणि परिणाम टिकाऊ.

दुसरे, स्लॉप आणि जुने तेल. ते एका बॅचमध्ये ओतून मोकळे होण्याचा मोह आवरा. थोड्या प्रमाणात, मोठ्या ताज्या बॅचमध्ये मिसळा, आणि किती मिसळता येईल ते चार बाटल्यांच्या पद्धतीनेच ठरवा. जमेल तर जुन्या तेलाची बॅच डीआरएशिवाय कमी प्रवाहाने काढून द्या.

तिसरे, पॉलिमरची जात. ध्रुवीयता वाढलेले किंवा अस्फाल्टीनयुक्त तेल नेहमीचेच येणार असेल, तर मेथाक्रिलेट जातीचा माल चाचणीला मागवा. कधीमधी येणाऱ्या एका बॅचसाठी हा बदल परवडत नाही.

चौथे, तेलात अँटिऑक्सिडंट किंवा ऑक्सिजन शोषणारे रसायन घालणे. माझा कल याच्या विरोधात आहे. आधीच साठलेल्या पेरॉक्साइडवर हिंडर्ड फिनॉलचा (बीएचटीच्या जातीच्या अँटिऑक्सिडंटचा) उपयोग मर्यादित असतो, सल्फाइटसारखे शोषक पाण्यात विरघळतात, तेलात नव्हे, आणि रिफायनरीला या रसायनांचा हिशोब द्यावा लागतो तो वेगळाच. रिफायनरीच्या लेखी संमतीशिवाय हे करू नये.

डोस वाढवणे सगळ्यांत शेवटी, आणि तेही बेसलाइन दुरुस्त केल्यावर खरोखर तूट उरली तर. तुटलेल्या साखळ्यांची भरपाई जास्त साखळ्यांनी काही अंशी होते, नाही असे नाही. पण घटीला वरची एक मर्यादा असते आणि तिच्या जवळ गेल्यावर जास्तीचा प्रत्येक पीपीएम कमी कमी परतावा देतो.

सुरक्षेबाबत दोन गोष्टी. नायट्रोजन ब्लँकेट असलेल्या टाकीत किंवा तिच्या मॅनहोलशी ऑक्सिजन मोजल्याशिवाय कोणी डोकावायचे नाही. वास नसतो, इशारा मिळत नाही. आणि सावर (हायड्रोजन सल्फाइड असलेल्या) क्रूडच्या टाकीत भिंतींवर आयर्न सल्फाइड साचलेले असते, ते कोरडे होऊन हवेशी भिडले तर आपोआप पेट घेते. हवा आणि हायड्रोजन सल्फाइड एकत्र आले की मुक्त गंधक आणि गंज हेही मागोमाग येतात, आणि तो गंज पुन्हा पेरॉक्साइड फोडायला हातभार लावतो. अशी टाकी ‘हवेशीर’ ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

नोंदवहीत दर बॅचला सात आकडे पुरतात: टाकीत काढलेले दिवस, लाइनच्या तापमानाची व्हिस्कॉसिटी, पेरॉक्साइड क्रमांक, स्लॉपचा हिस्सा, डीआरएच्या मालाचा बॅच क्रमांक आणि त्याचे वय, डोस, आणि दुरुस्त बेसलाइनवरची टप्पानिहाय घट. टक्केवारी जुन्या बेसलाइनवर काढली असेल तर ती रकान्यात लिहू नका, रकाना रिकामा सोडा.